‘डेथ पॅनेल’ आणि अर्ध्या तासाचं बोलणं

२००९च्या उन्हाळ्यात अमेरिकेत आरोग्यसेवा सुधारणांचं हजारभर पानांचं विधेयक चर्चेला आलं आणि भडका उडाला तो कलम १२३३वरून. कलम तसं साधंच होतं. मेडिकेअर हा तिथला मुख्यतः पासष्टीपुढच्यांचा सरकारी आरोग्य विमा. त्यातून डॉक्टरांना एका सल्ल्याचे पैसे मिळणार होते. शुद्ध हरपली तर व्हेंटिलेटर लावायचा का, हृदय थांबलं तर सीपीआर (छाती दाबून ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न) द्यायचा का, आपल्या वतीनं निर्णय कुणी घ्यायचा, हे आधीच बोलून ठेवायचं. साधारण पाच वर्षांतून एकदा, तेही रुग्णाची इच्छा असेल तर.

जुलैत न्यूयॉर्कच्या माजी उपगव्हर्नर बेट्सी मकॉय यांनी रेडिओवर ठोकून दिलं की हा सल्ला सक्तीचा आहे. ७ ऑगस्टला विधेयकाच्या विरोधातल्या रिपब्लिकन पक्षाच्या नेत्या सारा पेलिन यांनी फेसबुकवर ‘डेथ पॅनेल’ची, म्हणजे कुणाला उपचार द्यायचे हे ठरवणाऱ्या सरकारी मंडळाची, भीती घातली. त्यांच्याच पक्षाचे सिनेटर चक ग्रासली यांनी आयोवातल्या सभेत, सरकार आजीचा प्लग काढेल, म्हणजे तिचे उपचार थांबवून तिला मरू देईल, अशी भाषा केली. गंमत अशी की मरणासन्न रुग्णांना असाच सल्ला देणाऱ्या २००३च्या कायद्याला ग्रासलींनी मत दिलं होतं, आणि अलास्काच्या गव्हर्नर असताना पेलिन यांनी २००८मध्ये अशा निर्णयांच्या जागृतीसाठी एक दिवस अधिकृतपणे जाहीर केला होता! मात्र लोकांचा संशय अगदीच हवेतला होता असं मी म्हणणार नाही. खर्चाला आवर घालू पाहणाऱ्या विधेयकातच शेवटच्या दिवसांची चर्चा आली, तर म्हाताऱ्या माणसाच्या मनात पाल चुकचुकणारच. शेवटी कलम वगळलं गेलं आणि कायदा २०१०मध्ये त्याशिवाय झाला.

या गदारोळात दडलेला एक प्रश्न तपासून पाहता येण्याजोगा होता. अशुभ बोलू नये असं आपल्याकडेही म्हणतात. पण मरणाबद्दल बोलल्यानं रुग्ण खरंच खचतो का? २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अखेरच्या टप्प्यातले ३३२ कर्करुग्ण होते. डॉक्टरांशी असं बोलणं झालेल्यांमध्ये नैराश्य जास्त आढळलं नाही. उलट शेवटच्या आठवड्यात व्हेंटिलेटर आणि आयसीयू त्यांच्या वाट्याला कमी आले. बॉस्टनमध्ये तर फुप्फुसाच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासूनच पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणारी, मोकळेपणानं बोलणारी सेवा दिली. या गटानं आक्रमक उपचार कमी घेतले, तरी मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ११.६ महिने भरलं. दुसऱ्या गटाचं ८.९. आयुष्य वाढल्याचं नंतरच्या सगळ्या अभ्यासांत दिसलं नाही, पण ते घटल्याचंही दिसलं नाही.

बोलायचं तरी काय? सीपीआरचंच घ्या. १९९०च्या दशकातल्या अमेरिकी टीव्ही मालिका तपासल्या, तेव्हा पडद्यावर सीपीआर दिलेले सुमारे ७५ टक्के रुग्ण तात्पुरते तरी वाचत होते. प्रत्यक्षात रुग्णालयात सीपीआर दिलेल्या पासष्टीपुढच्या रुग्णांपैकी जेमतेम १८ टक्के जिवंत बाहेर पडतात. बरगड्या मोडतात, मेंदूला इजा होऊ शकते. हे ठाऊक नसताना दिलेल्या ‘हो’ला फारसा अर्थ नाही. आणि सगळं समजून कुणी ‘हो’ म्हणालं, तर तोही त्याचा हक्कच.

खरी माहिती दिली की गैरसमज जातो, हेही तितकं सरळ नव्हतं. नायहान, रायफ्लर आणि युबेल या संशोधकांच्या प्रयोगात ‘डेथ पॅनेल’चं खंडन वाचून पेलिनविरोधकांचा त्यावरचा विश्वास कमी झाला, राजकारणाची जाण असलेल्या पेलिनसमर्थकांचा मात्र आणखी पक्का झाला. असा उलटा परिणाम पुढच्या संशोधनांत क्वचितच आढळला, हेही सांगायला हवं.

१ जानेवारी २०१६पासून मेडिकेअर याच सल्ल्याचे पैसे देऊ लागलं, अर्ध्या तासाचे सुमारे ८६ डॉलर. आरडाओरडा जवळपास झालाच नाही, पण ही सोय वापरणारे डॉक्टरही सुरुवातीला थोडेच निघाले. आता वाद पक्षांचा कमी आणि डॉक्टरांमधलाच जास्त आहे: आपली इच्छा नोंदवून वर्षानुवर्षं आधी भरलेला फॉर्म ऐन वेळी उपयोगी पडतो का, की दुखणं समोर उभं राहिल्यावर झालेलं बोलणंच कामाला येतं?