खिडकीपट्टी

घराला खिडक्या किती, यावरून इंग्लंड व वेल्समध्ये १६९६ ते १८५१ या काळात आकारला जाणारा कर. चांदीच्या नाण्यांच्या कडा कातरण्याचा धंदा तेव्हा इतका बोकाळला होता की, राजा तिसरा विल्यम याच्या सरकारला नाणी नव्याने पाडावी लागली. त्यात आलेली तूट या पट्टीतून भरून काढायची होती. आधीच्या चूलपट्टीसाठी अंमलदार घरात शिरून चुली मोजत. लोक त्यावर चिडून असत आणि १६८९ मध्ये ती रद्दही झाली. खिडक्या रस्त्यावर उभे राहून मोजता येत, ही सरकारच्या दृष्टीने मोठीच सोय.

१७४७ मध्ये दरांचे टप्पे बदलले आणि खरी गंमत सुरू झाली. १० ते १४ खिडक्यांच्या घराला प्रत्येक खिडकीमागे ६ पेन्स, १५ ते १९ असल्यास ९ पेन्स आणि २० पासून पुढे १ शिलिंग, म्हणजे १२ पेन्स. वाढीव दर सगळ्याच खिडक्यांना लागे. म्हणजे १४ खिडक्यांचे ७ शिलिंग होत. पंधरावी बसवली की एकदम ११ शिलिंग ३ पेन्स. घरमालकांनी हिशेब केला आणि गवंड्याला बोलावले. ओट्स आणि श्वाब या अर्थशास्त्रज्ञांनी त्या काळच्या करनोंदी तपासल्या, तेव्हा ९, १४ आणि १९ खिडक्यांच्या घरांची संख्या ठळकपणे फुगलेली दिसली. दूध-लोणी व चीज ठेवण्याच्या खोल्यांना पुढे सूट मिळाली. त्यासाठी दारावर वा खिडकीवर तसे लिहावे लागे. काही जुन्या शेतघरांवर ती अक्षरे अजून वाचता येतात.

हा कर श्रीमंतांवर, असा समज होता. अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्येच दाखवून दिले की, खेड्यातल्या १० पौंड भाड्याच्या घराला लंडनमधल्या ५०० पौंड भाड्याच्या घरापेक्षा जास्त खिडक्या असू शकतात. शहरांतल्या चाळवजा इमारतींत तर हाल विचारू नयेत. अख्खी इमारत एकच घर धरली जाई, पट्टी मालक भरी आणि खिडक्या तो बुजवी; अंधार नि कोंदट हवा भाडेकरूंच्या वाट्याला. डॉक्टरांनी वर्षानुवर्षे ओरड केली, तरी उत्पन्न सोडवेना. उलट १७८४ मध्ये पंतप्रधान धाकट्या पिटने चहावरची जकात उतरवून तिची भरपाई याच पट्टीतून केली. अखेर १८५१ मध्ये ती उठली व तिच्या जागी घरपट्टी आली.

फ्रान्समध्ये दारे-खिडक्यांवरचा असाच कर १७९८ मध्ये लागू झाला आणि १९२६ पर्यंत टिकला.

ब्रिटनमध्ये दिसणारी प्रत्येक बुजलेली खिडकी मात्र या कराच्या खात्यात टाकू नये. दर्शनी भाग दोन्ही बाजूंनी सारखा दिसावा म्हणून कित्येक खिडक्या मुळातच आंधळ्या बांधलेल्या आहेत.