कोगनोळीचा नाका कोणाच्या हुकमानं लागला होता?

२०२१च्या पावसाळ्यात कोल्हापूरकडून येताना कागल सुटलं, की कोगनोळीला गाड्यांची रांग दिसायची. महाराष्ट्रातून कर्नाटकात शिरायचं तर ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर रिपोर्ट लागे, लस झाली असली तरी. माझ्या पुढच्या काकांनी मोबाइलवर रिपोर्ट उघडून धरला. पोलिसानं स्वॅब घेतल्याची वेळ बघितली, बोटांवर तास मोजले आणि मान हलवली. काका मागं वळून मला म्हणाले, "हे सगळं त्या डब्ल्यूएचओचं. आपल्या सरकारच्या हातात काय राहिलंय?"

निपाणी-बेळगावात हे वाक्य अजून कानावर पडतं. देशानं करारात दिलेला शब्द आणि देशावर चालणारा हुकूम, यांची त्यात गल्लत होते.

शब्द दिलेला आहे, हे खरं. डब्ल्यूएचओची, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची, २००५ची आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली भारतावर बंधनकारक आहे. जगाला धोका ठरू शकेल अशी साथ आढळली, तर शहानिशा झाल्यापासून २४ तासांत कळवायचं, ही त्यातली मोठी अट. पण ती मोडणाऱ्याला दंड नाही. दुरुस्ती पटली नाही तर मुदतीत नाकारताही येते. २०२४च्या दुरुस्त्या अमेरिकेनं तशा नाकारल्या.

हुकमाचं मात्र वेगळं. साथ आली की संघटना ज्या शिफारशी करते, त्यांना नियमावलीच बंधनकारक नसलेला सल्ला म्हणते. ३० जानेवारी २०२०ला आणीबाणी जाहीर करताना संघटनेनं प्रवासबंदीची शिफारस केली नव्हती. तरी मार्चमध्ये भारतानं परदेशी विमानं थांबवली, आणि कोणी अडवलं नाही. लॉकडाउन लागला तो आपल्याच संसदेच्या २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली. कोगनोळीची अट कर्नाटक सरकारची. आपल्या घटनेत सार्वजनिक आरोग्य राज्यांकडे आणि आंतरराज्य विलगीकरण केंद्राकडे आहे. नाक्याबद्दल जाब विचारायचाच, तर तो बेंगळूरु आणि दिल्लीला विचारायला हवा. १९५६पासून अधिकार कोणाचा यावरच झगडणाऱ्या सीमाभागाला तरी हा फरक कळायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं.

मे २०२५मध्ये मंजूर झालेल्या महामारी करारावरून पुन्हा तीच भीती पसरली. लॉकडाउन, लससक्ती किंवा प्रवासबंदी लादण्याचा अधिकार संघटनेला मिळत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. शिवाय ६० देशांनी अनुमोदन दिल्याखेरीज तो लागूही होत नाही. सल्ल्याचाही दबाव असतो, लहान देशांवर तर जास्तच, हे मान्य. पण मला काळजी वाटते ती उलट बाजूची. कोविडचा उगम शोधणारं आंतरराष्ट्रीय पथक वुहानला पोचलं ते १४ जानेवारी २०२१ला, साथीला वर्ष उलटून गेल्यावर, आणि तेही चीननं परवानगी दिली तेव्हा.