पांडवलेणी एकाच ओळीत का?

नाशिकहून मुंबईच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला त्रिरश्मी डोंगर दिसतो. सह्याद्रीच्या सुळक्यांपुढे तो ठेंगणाच. पायथ्याशी फाळके स्मारक, जवळच पाथर्डी आणि विल्होळी. वरची २४ लेणी, म्हणजेच पांडवलेणी, बघून लोक उतरतात. पण ती साधारण एकाच उंचीवर, एका ओळीत का, हे क्वचितच कुणी विचारतं. उत्तर खडकात आहे.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून निघालेला लाव्हा इथे थरावर थर पसरत गेला. थर थंड होताना आतला वायू बुडबुड्यांनी वर चढला आणि वरच्या सायीत अडकला. म्हणून थराचा माथा सच्छिद्र, पोट घट्ट. माथा लवकर झिजतो, पोट कड्यासारखं उभं राहतं. डोंगर स्वतः खालून उचलला गेलेला नाही; भोवतालचा खडक गोदावरी आणि तिच्या उपनद्यांनी वाहून नेला, हा तेवढा उरला.

लेणं वरून खाली कोरतात, छत आधी आणि जमीन शेवटी. त्यामुळे परांची लागत नाही, पण मध्येच मोठी भेग निघाली तर दगडाला ठिगळ लावता येत नाही. कारागिरांना जाड, एकजिनसी थरच हवा होता आणि तो पट्टा त्यांनी अचूक ओळखला. ही पारख मला लेण्यांतल्या शिल्पांइतकीच मोठी वाटते. बारीक भेगांचाही उपयोग झाला: त्यांतून झिरपणारं पाणी टाक्यांत साठतं.

या टाक्यांचा उल्लेख दहाव्या लेण्यातल्या शिलालेखात आहे. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने लेणं आणि 'पोढी', म्हणजे टाकी, करवल्याचं तो सांगतो. भिक्षूंच्या खर्चासाठी ३,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, व्याजाने ठेवल्याची नोंदही तिथेच आहे. गोवर्धन गाव आजही गंगापूर रस्त्यावर आहे. तिसऱ्या लेण्यासाठी दान मिळालेलं पिसाजिपदक गाव त्रिरश्मीच्या नैऋत्येला असल्याचं तिथला लेख सांगतो. गावाचा पत्ता डोंगरावरून दिलेला!

खडकात जवळून पाहिलं तर पांढरे ठिपके दिसतात. लाव्ह्यातल्या पोकळ्यांत पाण्याने आणून भरलेली ही खनिजं. या परिसरातल्या खाणींतले अपोफिलाइट आणि स्टिल्बाइटचे स्फटिक जगभरच्या संग्राहकांकडे आहेत. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात अशा खनिजांचे देखणे नमुने मांडले आहेत. पण ज्या भेगा टाळून लेणी कोरली, त्याच सुरुंगाच्या हादऱ्यांनी रुंदावू शकतात. आसपास कुठे सुरुंग लावू द्यायचा, हे ठरवण्याआधी या भेगांचा नकाशा व्हायलाच हवा.