अस्थिवहन श्रवणरोपण : दीर्घकालीन परिणाम

बाह्यकर्ण व मध्यकर्ण टाळून कवटीच्या हाडातून आंतरकर्णापर्यंत ध्वनिकंपने पोहोचविण्यासाठी कानामागील हाडात शस्त्रक्रियेने बसविलेले साधन. सतत वाहणारा कान, जन्मतः बंद असलेला कर्णमार्ग आणि एकाच कानाचे पूर्ण बहिरेपण अशा रुग्णांना ते बसवितात. कोकण किनारपट्टीवर कानात कोमट खोबरेल घालण्याची घरगुती रीत आहे आणि पावसाळ्यात फुटलेला कान लवकर सुकत नाही. अशा कानात साचा घालून वापरायचे नेहमीचे श्रवणयंत्र त्रासदायक ठरते, म्हणून येथे पहिल्या प्रकारच्या रुग्णांचा विचार विशेष अगत्याचा आहे.

या साधनाचा हाडात बसणारा स्क्रू टायटॅनियम या धातूचा असतो. टायटॅनियम हाडाशी एकजीव होते हे प्रथम कोणी पाहिले, याविषयी मतभेद आहेत. श्रेय सामान्यतः स्वीडनमधील पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना दिले जाते. सशाच्या हाडात बसविलेली टायटॅनियमची निरीक्षण-कुपी नंतर सुटेना, हा त्यांचा अनुभव बहुधा १९५२ च्या सुमाराचा असावा. तथापि बोथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांच्या हाडातील टायटॅनियमविषयी असेच निरीक्षण १९४० मध्ये प्रसिद्ध केले होते. निरीक्षणापासून शस्त्रक्रियेची शिस्त घडविण्याचे काम मात्र ब्रोनेमार्क यांचेच असल्याने श्रेय त्यांच्याकडे ठेवणे अधिक युक्त दिसते. त्यांनी १९६५ मध्ये दंतरोपण केले, तर गॉथेनबर्ग येथे १९७७ मध्ये अँडर्स ट्येलस्ट्रॉम यांनी श्रवणासाठी पहिले रोपण केले. हे एकजीव होणे म्हणजे खरे मीलन, की परक्या वस्तूभोवती हाडाने घातलेले कुंपण, हाही वाद आहे. ब्रोनेमार्क यांचे सहकारी टोमास आल्ब्रेक्टसन दुसऱ्या मताचे आहेत. अनेक वर्षे घट्ट राहून मग सैल होणाऱ्या स्क्रूंचा उलगडा त्या मताने अधिक सहज होतो.

दीर्घकालीन यश मोजताना स्क्रूचे टिकणे, त्वचेचे आरोग्य आणि यंत्राचा वापर या बाबी वेगळ्या मोजाव्या लागतात. बहुतेक प्रौढांत ३ ते ४ मिलिमीटर लांबीचा स्क्रू वर्षानुवर्षे टिकतो. मुलांत हाड पातळ व मऊ असल्याने आणि डोक्याला मार लागण्याचा संभव असल्याने तो निसटण्याचे प्रमाण अधिक असते. लहान वयात म्हणूनच शस्त्रक्रियेऐवजी डोक्याला बांधायच्या पट्ट्यावर यंत्र बसवितात. स्क्रूला जोडलेल्या, त्वचेतून बाहेर येणाऱ्या व यंत्र धरणाऱ्या खुंटाभोवतीची प्रतिक्रिया होल्गर्स यांच्या ० ते ४ या श्रेणीत नोंदवितात. ० म्हणजे निरोगी त्वचा, २ म्हणजे लाल व ओलसर, तर ४ म्हणजे खुंट काढावा लागेल इतका संसर्ग. पूर्वी खुंटाभोवतीचे मांस खरवडून त्वचा पातळ करीत. आता ते राखूनच शस्त्रक्रिया करण्याकडे कल असून भोवतालच्या बधिरपणाची तक्रार त्यामुळे कमी झाली आहे.

त्वचेखाली चुंबक ठेवून वर यंत्र चिकटविण्याच्या पद्धतीत जखम उघडी राहत नाही, पण उच्च वारंवारितेचे ध्वनी त्वचेत काहीसे विरतात, चुंबकाच्या दाबाने त्वचा दुखते आणि पुढे एमआरआयच्या वेळी अडचण येते. कंपक भागच त्वचेखाली असलेली रोपणे २०१२ पासून युरोपात वापरात आली. त्यांत ध्वनी विरण्याचा दोष टळतो, मात्र दुरुस्तीसाठी शस्त्रक्रिया लागते.

वापराची बाब सर्वांत नाजूक. एका कानाचे बहिरेपण असलेल्यांपैकी बरेच रुग्ण काही वर्षांनी यंत्र बाजूला ठेवतात, कारण बहिऱ्या बाजूचा आवाज दुसऱ्या कानाला ऐकू येत असला तरी तो कोणत्या दिशेने आला हे उमगत नाही. वाहणाऱ्या कानाच्या रुग्णांत वापर अधिक टिकतो. वयानुसार आंतरकर्ण क्षीण झाल्यास तोच स्क्रू ठेवून अधिक शक्तीचा प्रोसेसर (ध्वनी टिपून कंपने निर्माण करणारे बाहेरचे यंत्र) जोडता येतो.

किनारपट्टीवर घाम व खारी हवा यांमुळे खुंटाभोवतीची त्वचा रोज धुऊन कोरडी करणे आवश्यक असते. खुंट सैल होणे किंवा त्वचा लाल होणे यासाठी सावंतवाडीच्या रुग्णाला मुंबई सुमारे ५०० किलोमीटर दूर पडते. गावाजवळच्या कान-नाक-घसा तज्ज्ञाला खुंटाची नियमित तपासणी जमणे शस्त्रक्रियेइतकेच मोलाचे आहे. प्रोसेसर रात्री सिलिका जेल असलेल्या डबीत ठेवावा, आणि जस्त-वायू बॅटरी दमट हवेत ओलावा शोषून लवकर निकामी होत असल्याने तिच्यावरील चिकट वेष्टन वापराच्या वेळीच काढावे.