गावभर पायी हिंडून काढलेलं आकाशातलं चित्र

अमेरिकेतल्या छोट्या छोट्या गावांची एकोणिसाव्या शतकातली विहंगम चित्रं कधी बघितलीत का? अख्खं गाव वरून, जरा तिरकं दिसतं, नदीत आगबोट, रुळावर धूर सोडणारी गाडी, रस्त्यात घोडागाड्या, आणि प्रत्येक घर वेगळं काढलेलं, म्हणजे कुठल्या घराला किती मजले ते सुद्धा मोजता येतं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं बलूनमधे बसून काढलं असणार. पण नाही, यातली बहुतेक चित्रं जमिनीवरून काढलीयत, पायी फिरून!

पद्धत अशी, की आधी गावच्या रस्त्यांचा नकाशा घ्यायचा आणि तो तिरक्या कोनात, लांबचं लहान दिसेल असा कागदावर आखायचा. मग वही घेऊन गल्लीन् गल्ली पालथी घालायची, घर, चर्च, गिरणी, झाडं सगळ्यांची स्केचेस करायची, आणि ती एकेक करून त्या आखणीत बसवायची. दोनेक हजार फुटांवरून दिसेल तसं गाव, पण त्या उंचीवर कोणी गेलेलंच नसायचं, ती नजर पूर्णपणे डोक्यातली. मला यातलं सगळ्यात भारी हेच वाटतं.

तसं वरून शहर दाखवायची कल्पना जुनीच, याकोपो दे बार्बारी या इटालियन चित्रकाराने व्हेनिसचं प्रचंड लाकडी ठशांचं चित्र १५०० साली केलं होतं. पण अमेरिकेत यादवी युद्धानंतर याचा धंदाच झाला. कारणं सरळ आहेत, रेल्वेमुळे गावं भराभर वाढत होती, लिथोग्राफीमुळे दगडावरून छपाई स्वस्तात व्हायची, आणि प्रत्येक गावाला आपण किती पुढे गेलोय ते दाखवायचं होतं. एजंट आधी गावात यायचा, पेपरवाल्यांना भेटायचा, लोकांकडून आगाऊ मागणी घ्यायचा, आणि पुरेशी नावं जमली की मगच काम सुरू. जास्त पैसे देणाऱ्याचं दुकान किंवा बंगला कडेला मोठा करून छापायचे. त्यामुळे ही चित्रं अगदी निखळ नोंद नाहीत हे लक्षात ठेवायला हवं, गाव आहे त्यापेक्षा थोडं नटवलेलं असतं, चिमण्यांतून धूर भरपूर, कारण तेव्हा धूर म्हणजे भरभराट. सेंट लुईसचं १८७५ चं चित्र तर एवढं मोठं की ते ११० पानांत छापावं लागलं.

अल्बर्ट रुगर, ओकली बेली, हेन्री वेल्गे, ल्युसियन बर्ली ही यातली मोठी नावं, पण माझा जीव अडकलाय तो थॅडियस फाउलरमधे. युद्धात १८६२ साली बुल रनच्या दुसऱ्या लढाईत त्याच्या घोट्याला जखम झाली, काही काळ कुबड्या घेऊन चालावं लागलं. आणि याच माणसाने पुढे गावोगाव पायी हिंडून चारशेच्या वर चित्रं केली, त्यात पेनसिल्व्हेनियातली सगळ्यात जास्त! कोळशाच्या खाणींची, तेलाच्या विहिरींची कितीतरी गावं तेव्हा कशी दिसायची ते आज त्याच्यामुळे कळतं.

पुढे विमानातून फोटो निघायला लागले आणि १९२० च्या दशकात हा धंदा संपला. फाउलर मात्र शेवटपर्यंत काम करत होता. १९२२ च्या हिवाळ्यात, ऐंशीला टेकलेला असताना, न्यूयॉर्क राज्यातल्या मिडलटाऊनमधे तो बर्फाळ रस्त्यावर पडला आणि त्यातच गेला.