पॅरोल इन प्लेस

पॅरोल इन प्लेस : अमेरिकेत सीमेवरील तपासणी चुकवून शिरलेल्या परदेशी व्यक्तीला देशाबाहेर न काढता, ती आहे त्याच जागी राहण्याची तात्पुरती कायदेशीर मुभा देण्याची पद्धत. सेनादलांतील व्यक्तींचे पती-पत्नी, आई-वडील आणि मुले यांच्या संदर्भात ती विशेष ओळखली जाते. पॅरोल म्हटले की मराठी वाचकाला रजेवर सुटलेला कैदी आठवतो. त्या पॅरोलशी हिचा संबंध नाही.

अमेरिकी नागरिकाशी लग्न झाले की प्रश्न मिटला, हा सर्वत्र आढळणारा गैरसमज आहे. लग्नामुळे अर्ज करता येतो, एवढेच. देशात राहूनच ग्रीन कार्ड मिळवायचे तर १९५२ च्या इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी ॲक्टच्या कलम २४५ प्रमाणे त्या व्यक्तीचा प्रवेश रीतसर तपासणी होऊन झालेला असावा लागतो, किंवा तिला पॅरोल मिळालेला असावा लागतो. नदी किंवा वाळवंट ओलांडून आलेली सैनिकाची पत्नी या अटीत बसत नाही. तिने मायदेशी जाऊन तिथल्या अमेरिकी वकिलातीतून व्हिसा घ्यायचा, तर १९९६ चा कायदा आडवा येतो : १८० दिवसांहून अधिक बेकायदा वास्तव्य असेल तर परतण्यावर ३ वर्षांची आणि वर्षभर किंवा त्याहून जास्त असेल तर १० वर्षांची बंदी. ही बंदी देश सोडताक्षणी लागू होते, म्हणजे कायद्याने सांगितलेल्या वाटेने जायला निघालेल्यालाच तिचा फटका बसतो. नवरा परदेशी मोहिमेवर आणि घरी लहान मुले असतील, तर ही वाट जवळजवळ बंदच म्हणायची.

पॅरोल इन प्लेसने हा पेच सुटतो. घरात कैक वर्षे राहत असलेल्या माणसाला जणू उंबरठा पुन्हा, या वेळी परवानगीने, ओलांडू दिला जातो. या पद्धतीचा कायदेशीर आधार १९५२ च्याच कायद्याच्या कलम २१२ मध्ये आहे : तातडीचे मानवतावादी कारण किंवा मोठे सार्वजनिक हित असल्यास, प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे तपासून पॅरोल देता येतो.

सैनिकी कुटुंबांसाठी या अधिकाराचा वापर २००७ मधील एका प्रकरणाने लोकांसमोर आला. त्या मे महिन्यात एक अमेरिकी सैनिक इराकमध्ये बेपत्ता झाला, आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधून विनापरवाना आलेल्या त्याच्या पत्नीवर इकडे हद्दपारीची टांगती तलवार होती. तेव्हाचे गृहसुरक्षा मंत्री मायकेल चर्टॉफ यांनी हस्तक्षेप केला आणि तिला राहता आले. पुढे १५ नोव्हेंबर २०१३ च्या परिपत्रकाने या पद्धतीला लेखी चौकट मिळाली. त्यात सेवेतील सैनिकांबरोबर सिलेक्टेड रिझर्व्ह या राखीव दलातील जवान आणि माजी सैनिक यांचेही कुटुंबीय आले. २०१६ मध्ये तिची व्याप्ती वाढली. डिसेंबर २०१९ मध्ये मंजूर झालेल्या संरक्षण कायद्यात काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, तिचे महत्त्व स्पष्ट शब्दांत मान्य केले.

अर्ज आय-१३१ या फॉर्मवर होतो. सोबत विवाहाचा दाखला, सैनिकी ओळखपत्राची प्रत किंवा सैन्याच्या डिअर्स या नोंदवहीत नाव असल्याचा पुरावा आणि छायाचित्रे लागतात. मंजुरी साधारणतः एका वर्षाची असते, तिचे नूतनीकरण होऊ शकते. तिच्या आधारे वर्क परमिट मागता येते आणि नागरिक जोडीदाराच्या अर्जावरून ग्रीन कार्डची प्रक्रिया देशातच पुरी करता येते. मात्र हा हक्क नव्हे. निर्णय अधिकाऱ्याच्या विवेकावर असतो, आणि गुन्ह्याची नोंद असल्यास तो सहसा विरोधात जातो. शिवाय यातून फक्त प्रवेशाचा दोष भरून निघतो. एकदा हद्दपार होऊन पुन्हा चोरून आलेल्या किंवा वर्षाहून अधिक बेकायदा राहून, बाहेर जाऊन परत तसेच शिरलेल्या व्यक्तीवरील कायमची बंदी पॅरोलने उठत नाही. अशा प्रकरणात घाईने अर्ज करणे धोक्याचे ठरते. आधी वकिलाला सगळा प्रवास-इतिहास सांगावा. अनेक लष्करी तळांवरील कायदा मदत कार्यालयांत सल्ला विनामूल्य मिळतो.

सैनिक स्वतः केवळ ग्रीन कार्डधारक असेल तर चित्र बदलते : त्याच्या जोडीदाराला नागरिकाच्या जोडीदाराइतक्या सवलती नसतात. पण लष्करी सेवेमुळे त्याचे स्वतःचे नागरिकत्व लवकर होऊ शकते. शांतताकाळात एका वर्षाची सन्माननीय सेवा पुरते, आणि ११ सप्टेंबर २००१ पासूनचा काळ युद्धकाळ म्हणून घोषित असल्याने त्या अटीतही सूट आहे. म्हणून पुष्कळदा आधी सैनिकाचे नागरिकत्व, मग जोडीदाराचा अर्ज असा क्रम लावतात.

व्हिसावर येऊन मुदत संपल्यावर राहिलेल्यांना, उदाहरणार्थ भारतातून विद्यार्थी म्हणून गेलेल्या एखाद्याला, पॅरोल इन प्लेस लागू होत नाही. नागरिकाशी विवाह झाला असेल तर बहुधा त्याची गरजही नसते, कारण प्रवेश रीतसर झालेला असतो. इतर मार्गांमध्ये २०१३ पासूनची, देश सोडण्याआधी बंदीतून माफी मागण्याची सोय आहे. ३० एप्रिल २००१ पर्यंत कुणी आपल्यासाठी अर्ज भरला असल्यास दंड भरून ग्रीन कार्ड मागता येते. जोडीदार छळ करीत असेल तर १९९४ च्या कायद्यानुसार त्याच्या मदतीविना, त्याला न कळवता अर्ज करता येतो. गणवेशातील नवऱ्याच्या धाकाखाली असलेल्या स्त्रीला हे माहीत असणे फार गरजेचे आहे. सैनिक नागरिकाचा सेवेत मृत्यू झाल्यास विधवा किंवा विधुर जोडीदाराला दोन वर्षांच्या आत स्वतःच अर्ज करता येतो, आणि ग्रीन कार्ड मिळाल्यावर नागरिकत्वासाठी ठरावीक वर्षे देशात राहण्याची अट त्याला लागू होत नाही.