मुंबईत उतरल्यावर समोर दिसणारी महापालिका
(मुंबई दर्शन सहलीच्या आमच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार मंडळी,

देवगिरी एक्स्प्रेसने आपण सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरतो. बाहेर आलं की सगळ्यांचे मोबाइल स्टेशनच्या इमारतीकडे वळतात. साहजिकच आहे. पण तिथेच जरा मागे वळून पाहा. रस्त्यापलीकडे कोपऱ्यावर आणखी एक दगडी इमारत उभी आहे, मधोमध घुमटाचा उंच मनोरा असलेली. ती बृहन्मुंबई महानगरपालिकेची मुख्य इमारत.

मागे एका सहलीत सेलूकडच्या एका आजींनी तिच्याकडे बोट दाखवून मला विचारलं, "एवढा वाडा कुन्या राजाचा हाय रं?" म्हटलं, राजाचा नाही आजी, नगरपालिकेचा. त्यांना पटेना. "नगरपालिका म्हंजी आपली नळपट्टीवाली?" होय, तीच! आजींच्या त्या प्रश्नामुळेच हे पत्रक छापलं आहे.

मुंबईची नगरपालिका आधी गिरगावात होती, मग १८७० मध्ये काळा घोडा भागात वॉटसन हॉटेलशेजारच्या इमारतीत गेली. १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांचं मंडळ बनलं आणि त्यातले ३२ जण करदात्यांनी निवडून द्यायचे ठरले. मत सगळ्यांना नव्हतं. ठराविक रकमेचा कर भरणाऱ्यांनाच ते होतं, गोरगरीब बाहेरच राहिले. तरीही इंग्रजी अमलात शहराचे निम्मे कारभारी मतांनी निवडले जावेत, ही त्या काळी मोठी गोष्ट होती. आपल्याकडे मराठवाड्यात तेव्हा निजामाचं राज्य. औरंगाबादला सुभेदार, जिल्ह्याला तालुकदार, सगळे वरून नेमलेले. आपल्या पणजोबांना कारभारी निवडण्याचा हक्क कसला?

नव्या इमारतीची कोनशिला डिसेंबर १८८४ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या हस्ते बसली. हिंदुस्थानातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांना बळ देणारा १८८२ चा ठराव याच रिपनसाहेबांचा, त्यामुळे त्यांचा हात लागणं योग्यच होतं. पण काम लगेच सुरू झालं नाही. नमुना कोणता घ्यायचा, हा प्रश्न होता. एक आराखडा रॉबर्ट चिझम यांचा होता, इंडो-सारासेनिक म्हणजे देशी धाटणीचा. दुसरा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा, गॉथिक म्हणजे टोकदार कमानींच्या युरोपी धाटणीचा. पसंती स्टीव्हन्सना मिळाली. समोरचं स्टेशनही त्यांचंच काम, म्हणून दोन्ही इमारती सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात. मात्र नीट पाहिलंत तर महापालिकेच्या टोकदार कमानींवर घुमट आपल्या वळणाचे आहेत. मला स्वतःला ही इमारत स्टेशनापेक्षा जास्त आवडते. दोन रस्ते जिथे मिळतात त्या तिकोनी जागेत ती इतकी चपखल बसवली आहे की जागेची अडचण कुठे जाणवतच नाही.

प्रत्यक्ष बांधकाम १८८९ च्या एप्रिलात सुरू झालं आणि १८९३ मध्ये पुरं झालं. आता हा हिशेब बघा. मंजूर रक्कम होती ११,८८,०८२ रुपये आणि खर्च आला ११,१९,९६९ रुपये. म्हणजे अडुसष्ट हजारांहून जास्त रक्कम शिल्लक राहिली! आमच्या परभणीत साधी दोन खोल्यांची वाढीव बांधणी काढली तरी अंदाजपत्रक दीडपट होतं, हे घर बांधलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. लोकांच्या कराच्या पैशातून एवढं देखणं काम ठरल्या रकमेच्या आत झालं, याचं मला दर वेळी नव्याने कौतुक वाटतं.

मनोरा २५५ फूट उंच आहे. आपल्या दौलताबादचा चांद मिनार सुमारे २१० फुटांचा, त्यावरून अंदाज बांधा. मनोऱ्याकडून नजर खाली आणलीत की मधल्या त्रिकोणी माथ्यावर पंख असलेली एक आकृती दिसेल. मुंबई हे हिंदुस्थानातलं अव्वल शहर, हा अभिमान तिच्यातून दाखवला आहे. ती बघताना मुंबई उभारायला गेलेली आपल्या बाजूची माणसंही आठवावीत. निजामाच्या तेलंगणातून गेलेले कामाठी तिथे दगड-मातीच्या कामावर राबले. कामाठीपुरा हे नाव त्यांच्यावरूनच पडलं.

इमारतीसमोरचा पुतळा सर फिरोजशहा मेहता यांचा, १९२३ मध्ये बसवलेला. महापालिकेचा १८८८ चा कायदा घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता आणि तोच कायदा, अर्थात पुष्कळ दुरुस्त्यांसह, मुंबईला आजही लागू आहे.

आणि एक साल लक्षात ठेवा, १९४८. त्या वर्षी मुंबई महापालिकेची निवडणूक पहिल्यांदाच प्रौढ मताधिकारावर झाली, कराची अट गेली. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला आपला मराठवाडा मुक्त झाला. मुलं बरोबर असतील तर त्यांना हे तिथे उभं राहूनच सांगा.

आता कामाचं. २०२१ पासून शनिवारी-रविवारी मार्गदर्शकासोबत ही इमारत आतून दाखवण्याची सोय सुरू झाली. ज्यांना आत जायचं आहे त्यांनी नाव नोंदवतानाच आम्हाला सांगावं, म्हणजे त्या तारखांची चौकशी आम्ही आधी करून ठेवू. ओळखपत्र जवळ ठेवा. बाकीच्यांनी बाहेरूनच निवांत पाहावं. रस्ता मात्र गाड्यांच्या मधून ओलांडू नका. तिथे भुयारी मार्ग आहे, ज्येष्ठांना पायऱ्या उतरायला आमचा माणूस हात देईल. स्टेशनातला चहा-नाश्ता आटोपला की सामान गाडीत ठेवून सगळ्यांनी फिरोजशहांच्या पुतळ्यापाशी जमायचं आहे. गेटवेकडे जाणारी गाडी तिथूनच सुटेल.